बर्फ होता, तरी मासे मऊ का पडले?

प्रश्न सांगलीच्या एका गृहस्थांचा आहे. थोडक्यात असा: ते चौघं मे महिन्यात वाईजवळ धोम धरणाच्या फुगवट्यावर दोन रात्री तंबू ठोकतात. गळाला चिलापी, रोहू, कधी एखादा मरळ लागतो. गेल्या वेळी सांगलीतूनच पाच किलो बर्फ थर्माकोलच्या खोक्यात नेला. दिवसभर मिळालेले मासे बादलीत पाणी घालून ठेवले, संध्याकाळी साफ केले, मीठ-हळद लावली, सगळे एका पिशवीत बांधले आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्यांशेजारी बर्फावर ठेवले. तिसऱ्या दिवशी घरी पोचल्यावर पिशवी उघडली तर मांस पिठासारखं झालेलं आणि वास. त्यांचं विचारणं एवढंच, की बर्फ किती न्यायला हवा होता.

बर्फ कमी होता हे खरं. पण पंधरा किलो नेला असता तरी हे मासे बिघडलेच असते. दुपारी बादलीत मेले तेव्हाच त्यांचं निम्मं आयुष्य संपलं होतं. उरलेलं पिशवीने आणि साचलेल्या पाण्याने संपवलं. म्हणून बर्फाच्या हिशोबाआधी मासा हातात आल्यापासूनचा पहिला तास बघू.

मासा मेला की दोन गोष्टी एकदम सुरू होतात. त्याच्या आतड्यातले पाचक रस आता अन्नाऐवजी पोटाची भिंत पचवू लागतात. आणि कातडीवरच्या बुळबुळीत थरात, कल्ल्यांत, आतड्यात जे जंतू आधीपासून असतात त्यांना अडवणारं कोणी राहत नाही. दोन्हींचा वेग तापमानावर ठरतो. ढोबळ हिशोब असा, की शून्य अंशावर जो वेग असतो तो पाच अंशांवर दुपटीहून थोडा जास्त, दहा अंशांवर चौपट. मे महिन्यात धरणाचं वरचं पाणी २८-३० अंश असतं. त्या तापमानाला मेलेला मासा तासभर पडला तर बर्फातले दहा-पंधरा तास खर्च झाले असं धरून चाला. नीट बर्फात गेलेला ताजा रोहू आठवडाभर सहज टिकतो. तोच दुपारी चार तास बादलीत राहिला तर रात्री त्याला कितीही बर्फ घाला, गेलेले दिवस परत येत नाहीत.

आता बादलीच का वाईट? मासा पाण्यात जिवंत राहतो असं आपल्याला वाटतं, पण तो राहतो पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसात. पंधरा लिटरच्या बादलीत तीन रोहू घातले की तो थोड्याच वेळात संपतो. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात, धडपडतात, एकमेकांवर आपटतात, मरतात. या धडपडीचीही किंमत असते. मांसातली साठवलेली साखर संपते, आम्लता वाढते, मासा लवकर आणि जोरात ताठ होतो आणि मग मांसाचे पदर सुटायला लागतात. पिठासारखं मऊ पडण्यामागे हे मोठं कारण आहे. वर ती बादली उन्हात असेल तर पाणी तासाभरात ३२-३३ अंशांवर जातं. मेलेला मासा कोमट पाण्यात भिजत ठेवणं, यापेक्षा वाईट पद्धत सापडणं जवळजवळ अशक्य आहे.

तेव्हा पर्याय दोनच. मासा खरोखर जिवंत ठेवा, नाहीतर लगेच मारून गार करा. अर्धवट मधली अवस्था ठेवायची नाही.

जिवंत ठेवायचा तर धरणातच ठेवा. गोल कड्यांची लांब जाळी मिळते, ती उत्तम. बारीक नायलॉनची भाजीची मोठी जाळीदार पिशवीही चालते, फक्त तोंडाशी बांबूची रिंग बसवा म्हणजे मासे दाबले जात नाहीत. जाळी काठाच्या उथळ, तापलेल्या पाण्यात नको. कमरेएवढ्या पाण्यात, झाडाची किंवा कातळाची सावली पडते तिथे, खुंटीला बांधा. दोरीत ओवायचा असेल तर दोरी खालच्या जबड्याच्या पातळ पापुद्र्यातून घाला. कल्ल्यातून दोरी ओवली की कल्ला फाटतो, रक्त जातं आणि मासा अर्ध्या तासात मरतो. रोहू आणि कटला कैदेत तग धरत नाहीत, दोन-तीन तासांच्या वर भरवसा ठेवू नका. चिलापी चिवट, सकाळची संध्याकाळपर्यंत राहते.

मरळाचं मात्र उलटं आहे आणि इथे बरेच जण फसतात. मरळ पृष्ठभागावर येऊन हवा घेतो, त्याला ती घ्यावीच लागते. जाळी पूर्ण पाण्याखाली बुडवली तर हा मासा पाण्यात गुदमरून मरतो. त्याच्यासाठी जाळीचं तोंड हातभर पाण्याबाहेर राहिलं पाहिजे. तोच मरळ ओल्या बारदानात गुंडाळून सावलीत ठेवला तर पाण्याबाहेरही काही तास जिवंत राहतो. फक्त गाठ घट्ट मारा. हा मासा उडी मारतो आणि गवतातून सरपटत पाण्यापर्यंत जातो.

जाळीवर तासातासाला नजर हवी. दिवड (पाण्यातला साप) येते, ती बिनविषारी असते, काठीने बाजूला सरकवा. खेकडे मेलेल्या माशाचे डोळे आणि पोट आधी कुरतडतात. मेलेला दिसला की लगेच बाहेर काढायचा, आणि किती वेळ मेलेला आहे हे सांगता येत नसेल तर तो साठवणीच्या माशांत मिसळायचा नाही. रात्रभर जाळी पाण्यात सोडून झोपायचं नाही. सकाळी त्यात काय सापडेल याचा नेम नसतो.

दुसरा पर्याय, लगेच मारणं. माझं मत विचाराल तर उन्हाळ्यात हाच बरा. एक हातभर लाकडी दांडका आणि एक टोकदार सुरी जवळ ठेवा. ओल्या फडक्यात मासा धरा (चिलापीच्या पाठीचे काटे हातात घुसतात, ते शेपटीच्या दिशेने मागे दाबून धरायचे) आणि डोळ्यांच्या थोडं मागे, डोक्यावर एक जोरदार फटका द्या. मासा थरथरून सैल पडतो. लगेच एका बाजूचा कल्ला उचलून त्याखालच्या लाल कमानी सुरीने कापा आणि स्वच्छ पाण्याच्या बादलीत डोकं खाली करून धरा. पाच ते दहा मिनिटांत रक्त उतरतं. बादली असलीच तर ती एवढ्यासाठी. रक्त उतरलेल्या माशाचं मांस पांढरं राहतं आणि दुसऱ्या दिवशीचा तो उग्र वास बराच कमी होतो.

मग पोट. साफ केव्हा करायचं याचं उत्तर परिस्थितीवर आहे. मासा मारल्याबरोबर बर्फाच्या पाण्यात जाणार असेल तर दोन-तीन तास थांबलं तरी चालतं, चार-पाच जमल्यावर एकदम करा. बर्फ नसेल तर दहा मिनिटंही थांबू नका. रोहू आणि चिलापी शेवाळ, चिखल असलं खातात, त्यांचं आतडं शरीराच्या कित्येक पट लांब, गुंडाळी करून पोटात भरलेलं असतं. गळाला कणकेचे गोळे लावले असतील तर तेही त्यात. ते पोट उष्णतेत फुगतं आणि आतून विरघळतं.

सुरीचं टोक गुदद्वारात जेमतेम अर्धा सेंटिमीटर घालून धार वर ठेवून डोक्याकडे या. खोल घातली की आतडं फुटतं. यकृताला चिकटलेली हिरवट-काळी पित्ताची पिशवी दिसेल. तिला न दाबता यकृतासकट पूर्ण गोळा कल्ल्यांबरोबर ओढून काढा. फुटलीच तर हिरवा डाग पडलेलं मांस कापून टाका, धुऊन कडूपणा जात नाही. आणि रोहूचं पित्त औषध म्हणून कच्चं गिळायची पद्धत काही ठिकाणी आहे, ती कोणी सुचवली तर ऐकू नका. त्याने मूत्रपिंडं बंद पडतात.

गोळा निघाल्यावर बहुतेक जण थांबतात. पण आत कण्याला लागून पडद्याखाली एक गडद लाल पट्टी दिसते. ते माशाचं मूत्रपिंड, रक्ताने भरलेलं. पडदा सुरीने उभा चिरा आणि चमच्याच्या टोकाने ती पूर्ण खरवडून काढा. साफ केलेल्या माशाला पहिला वास बहुतेक वेळा तिथूनच येतो. पोटात आतून काळा पापुद्रा दिसला तर तोही घासून काढा.

खवले मात्र राहू द्या. खवले आणि कातडी ही माशाची वेष्टनं आहेत, ती घरी किंवा चुलीशेजारी काढायची. तुकडे करून ठेवणंही तसंच. जितके काप तितकी जंतूंना जागा. धुण्यासाठी काठाचं पाणी वापरू नका, तिथे म्हशी बसतात. पिण्याच्या पाण्याने एकदा आत विसळा आणि कोरड्या फडक्याने किंवा कागदाने पुसून घ्या. गाभोळी निघाली तर ती वेगळ्या डब्यात ठेवून त्याच रात्री खाऊन टाका, ती माशाआधी बिघडते.

साफसफाईचा कचरा पाण्यात टाकू नका. तंबूपासून लांब, फूटभर खोल खड्ड्यात पुरा आणि वर दगड ठेवा, नाहीतर रात्री कुत्री-कोल्हे येतात आणि सकाळी मुंग्या.

आता बर्फ. इथे आकडेमोड करण्यासारखी आहे.

एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो. एक किलो मासा एक अंशाने गार करायला साधारण ०.८ किलोकॅलरी काढावी लागते. चौघांनी घरी न्यायला सहा किलो मासा धरू. २९ अंशांवरून शून्यावर आणायला ६ × २९ × ०.८, म्हणजे १४० च्या आसपास. भागिले ८०, पावणेदोन किलो बर्फ. म्हणजे सहा किलो मासा गार करायला दोन किलो बर्फ पुरतो. मग उरलेला जातो कुठे? खोक्याच्या भिंतींतून आत येणाऱ्या उष्णतेला. इंच-सव्वा इंच जाड भिंतीचा, चाळीस लिटरचा थर्माकोलचा खोका सावलीत ठेवला तरी मे महिन्यात दिवसाला पाच-सहा किलो बर्फ नुसता खोकाच खातो. उन्हात किंवा बंद गाडीच्या डिकीत ठेवला तर त्याच्या दीडपट तरी धरा. त्यांचा पाच किलो बर्फ सांगलीहून तीन-साडेतीन तासांच्या प्रवासात आणि पहिल्या दुपारीच संपत आला असणार, मासे आत जायच्या आधी.

म्हणून दोन रात्रींसाठी, सहा किलो माशाला, १५ किलो. आणि तो सांगलीतून आणायचा नाही. साताऱ्यात किंवा वाईत शेवटच्या टप्प्यावर घ्यायचा. निम्म्याहून जास्त लादीच्या रूपात घ्या, लादी हळू वितळते. उरलेला चुरा. लादी बारदानात घालून दांडक्याने ठोकली की चुरा तिथेच करता येतो. लादीवर लाकडाचा भुसा आणि दुहेरी बारदान ही जुनी पद्धत आजही थर्माकोलच्या तोडीची आहे, खोका छोटा असेल तर लादी अशीच वेगळी नेता येते.

बर्फ विकत घेताना रंग बघा. महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्याचा नसलेला बर्फ फिकट निळा करण्याचा नियम आहे. निळा बर्फ माशाला थेट लावायचा नाही, तो पिशवीत बंद करून बाजूने लावायला चालेल. माशाला चिकटून राहणारा चुरा खाण्याच्या बर्फाचाच हवा. बिनरंगी बर्फाचीही खात्री नसेल तर घरच्या फ्रीझरमध्ये लिटरच्या बाटल्या गोठवून न्या. पाणी गळ्यापर्यंतच भरा आणि पूर्ण एक दिवस गोठू द्या. बाटल्यांनी खोका गार राहतो, पाणीही सांडत नाही, नंतर ते पिता येतं. पण बाटली माशाला दोन-चार ठिकाणीच टेकते, त्यामुळे मासा गार व्हायला फार वेळ लागतो. बाटल्या टिकवायला, चुरा गार करायला, असं काम वाटून द्या.

गार करण्याचा सर्वांत जलद मार्ग म्हणजे बर्फाचं पाणी. एका छोट्या बादलीत दोन किलो चुरा, दोन लिटर पाणी आणि सव्वाशे ग्रॅम मीठ, म्हणजे दोन मुठी. मीठ असल्याने पाणी शून्याच्या किंचित खाली उतरतं आणि बर्फाच्या खड्यांमध्ये राहणारी हवेची पोकळी पाण्याने भरून जाते, मासा सगळीकडून गार होतो. रक्त उतरलेला मासा सरळ यात. अर्ध्या किलोची चिलापी पाऊण ते एक तासात आतपर्यंत गार होते, दीड-दोन किलोच्या रोहूला दोन तास. मग काढून, पुसून खोक्यात. रात्रभर त्या पाण्यात सोडू नका. मांस पाणी पितं, चव धुऊन जाते, डोळे पांढरे पडतात.

पिशवीबद्दल. दहा मासे एका पिशवीत बांधले की तो माशांचा एक मोठा गोळा झाला. जाडी दुप्पट झाली की मधला भाग गार व्हायला चौपट वेळ लागतो. चार सेंटिमीटर जाडीच्या माशाला एक तास लागत असेल तर बारा सेंटिमीटरच्या गोळ्याच्या मध्यभागाला नऊ तास, आणि तोही फक्त खालून बर्फ लागलेला. पिशवीच्या कडेचा मासा चांगला आणि मधला गेलेला, असं झालं होतं का, आठवून बघा.

खोका असा भरा. तळाशी बांबूच्या दोन-तीन कामट्या किंवा उलटी ठेवलेली जाळीदार प्लास्टिक थाळी, म्हणजे वितळलेलं पाणी खाली राहील आणि मासा वर. तळाच्या कोपऱ्यात पेन्सिलीएवढं भोक, त्याला लाकडाची खुंटी. सकाळ-संध्याकाळ खुंटी काढून पाणी सोडायचं. कामट्यांवर लादीचे मोठे तुकडे, त्यावर तीन बोटं चुरा. मासे पोट खाली करून, एकमेकांना न चिकटता, म्हणजे पोकळीत पाणी साचत नाही. प्रत्येकाच्या पोटात मूठभर चुरा. वर पुन्हा चुरा. असे दोन थर, फार तर तीन. सर्वांत वर दोन बोटं बर्फ आणि ओलं फडकं. रिकामी जागा राहिली तर गोठवलेल्या बाटल्या किंवा गुंडाळलेले कागद भरा. मासा ताठ झाला असेल आणि खोक्यात मावत नसेल तर वाकवून कोंबू नका, मांस आतून तुटतं. डोकं कापा.

आणि कोल्ड्रिंकचा खोका वेगळा. हे किरकोळ वाटतं, पण चौघांच्या टोळीत बाटल्यांचा खोका दिवसात तीस वेळा उघडतो. दर वेळी गार हवा बाहेर, ३७ अंशांची आत, आणि एक गरम बाटली आत गेली की तिच्यापुरता बर्फ संपला. माशांचा खोका दिवसात तीन-चार वेळाच उघडला पाहिजे. तो जमिनीवर नको, दोन दगडांवर झाडाखाली ठेवा, वर ओलं बारदान टाका आणि सावली सरकेल तसा सरकवा. दुपारी दोनची सावली पाचला तिथे नसते.

इथपर्यंतचं त्यांच्या प्रश्नाला धरून सांगायचं तर क्रम असा: फटका, रक्त, बर्फाचं पाणी, साफ, पुसणं, मग खोक्यात सुटा. गळाला लागल्यापासून बर्फाच्या पाण्यात पडेपर्यंत पंधरा मिनिटं.

दुसरी गोष्ट नियोजनाची. शुक्रवारी संध्याकाळचे आणि शनिवारी सकाळचे मासे साठवायचेच कशाला? ते तिथेच खा. घरी न्यायचे असतील तर शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी पहाटे पकडलेले न्या. मग साठवणीचा काळ ४८ तासांवरून १८-२० तासांवर येतो आणि बर्फही ८-१० किलोत भागतो, फक्त तो शनिवारी दुपारी एकाने वाईला जाऊन आणायचा. जास्तीचे जिवंत असतील तर परत पाण्यात सोडा. काठावर गळ टाकण्याआधी धरणावरच्या मच्छीमार सोसायटीला विचारून घ्या. बहुतेक धरणांवर मासेमारीचा ठेका अशा सोसायट्यांकडे असतो. कोयनेकडे किंवा चांदोलीकडे जाणार असाल तर तो अभयारण्याचा, व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, तिथे गळ काढूच नका.

बर्फ मिळालाच नाही तर काय, हा पुढचा प्रश्न येणारच. मे महिन्यातली कोरडी हवा इथे आपल्या बाजूने असते. साफ करून पुसलेला मासा सुती फडक्यात गुंडाळा, वर ओलं बारदान, आणि वारा लागेल अशा सावलीत फांदीला टांगा. बारदान सुकू द्यायचं नाही, अर्ध्या तासाने पाणी शिंपडा. ३८ अंशांच्या कोरड्या दुपारी आतलं तापमान २५ च्या आसपास राहतं. नवा, झिरपणारा माठ ओल्या वाळूत ठेवला तरी तेच होतं. पण नीट समजून घ्या: २५ अंश म्हणजे थंड नाही. दुपारी पकडलेला मासा रात्रीच्या जेवणापर्यंत नेण्यापुरता हा उपाय आहे, सकाळपर्यंत नेण्याचा नाही. पावसाळ्यात तर याचा काहीच उपयोग नाही, हवेतच पाणी असतं, बारदानातलं उडणार कुठे? डिसेंबर-जानेवारीत, रात्री तापमान १२ पर्यंत उतरतं तेव्हा, टांगलेला मासा पहाटेपर्यंत निभावतो.

मीठ-हळदीचा गैरसमज इथेच काढून टाकू. किलोला दोन चमचे मीठ आणि हळद हा मसाला आहे, त्याने मासा टिकत नाही. उलट मीठ मांसातलं पाणी ओढतं, पिशवीत ते पाणी साचतं आणि मासा त्यात पोहत बसतो. त्यांच्या पिशवीच्या तळाशी गढूळ रस साचला असेल, तो हाच. रात्री तळायचा असेल तर अर्धा तास आधी लावा.

मिठाने खरंच टिकवायचं तर किलोला २५० ग्रॅम खडे मीठ लागतं. मासा पाठीतून उघडून पुस्तकासारखा पसरायचा, जाड मांसाला दोन बोटांच्या अंतराने चिरा द्यायच्या, मीठ चिरांत चोळायचं, आणि पाटीत कातडी खाली ठेवून थर लावायचे. पाटी तिरकी, म्हणजे पाणी वाहून जाईल. बारा तासांनी काढून, झटकून, मच्छरदाणीखाली उन्हात. दोन रात्रींच्या मुक्कामात तो पूर्ण वाळणार नाही, पण घरी पोचून पुढचे दोन दिवस गच्चीवर वाळवता येतो. मीठ वाचवायला १०० ग्रॅमवर थांबलात तर मासा ना खारा, ना ताजा. तळायच्या आधी दोन तास पाण्यात भिजवावा लागेल हेही लक्षात ठेवा. धुरीचं मी सुचवत नाही. नीट धुरावायला सहा-आठ तास सतत, बेताची आच हवी, सहलीत कोणी एवढं बसत नाही.

रात्रीचं कालवण उरलं तर ते चुलीवर झाकून ठेवू नका. चिंच-कोकम असलं तरी मे महिन्यातल्या रात्री भरवसा नाही. पातेलं गार पाण्यात बुडवून आधी निववा आणि डब्यात घालून कोल्ड्रिंकच्या खोक्यात ठेवा, सकाळी खळखळून उकळा.

मासा चांगला आहे का हे कसं ओळखायचं? बर्फात ठेवलेल्या माशाचे डोळे थोडे पांढरट होतातच, त्यावरून ठरवू नका. पोटाच्या पोकळीत नाक घाला. बोटाने पाठीचं मांस दाबा. खड्डा भरून आला तर ठीक, तसाच राहिला तर जुना. फासळ्या मांसातून आपोआप सुटून वर आल्या असतील, कातडी चिकट-पिवळी झाली असेल, वास आंबूस किंवा झोंबणारा असेल तर त्याच्यावर मसाला वाया घालवू नका.

एक वास मात्र बिघडल्याचा नसतो. चिलापीला, कधी रोहूला, ओल्या मातीचा वास येतो. तो पाण्यातल्या निळ्या-हिरव्या शेवाळामुळे, मासा जिवंत असतानाच कातडीत आणि चरबीत मुरतो. मे महिन्यात धरण आटलं की जास्त येतो. आंबट ताकात किंवा चिंचेच्या कोळात वीस मिनिटं ठेवून धुतला, कातडी आणि पोटाकडची चरबी काढली की बराच जातो. त्या मातकट वासाला घाबरून चांगले मासे फेकणारे लोक आहेत, आणि मसाला वाढवून खरंच बिघडलेले खाणारेही.

परतताना साताऱ्यात एकदा खोका उघडून पाणी सोडा आणि दोन-तीन किलो चुरा वरून घाला. खोका डिकीत ठेवण्यापेक्षा मागच्या सीटवर, एसीच्या वाऱ्यात बरा. घरी पोचल्यावर मासे एक-एक वेळच्या भाजीपुरते, पातळ थरात पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवा. चार किलोचा गोळा घरच्या फ्रीझरमध्ये गोठायला दीड दिवस घेतो आणि तेवढ्या वेळात पुन्हा तीच गंमत. खोका सोड्याच्या पाण्याने धुऊन, खुंटी काढून, झाकण उघडं ठेवून उन्हात दोन दिवस. थर्माकोलच्या भोकाभोवती काळपट डाग आणि वास राहिला असेल तर तो खोका पुढच्या वेळी बाटल्यांना द्या, माशांना नवा घ्या.